दुःखाच्या काळात विश्वासात टिकून राहताना : सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

दुःखाच्या काळात ख्रिस्ती माणसाच्या विश्वासाला दुःखापेक्षाही दुःखाचा जो अर्थ लावला जातो, त्याचा धोका जास्त असतो. घरात कर्करोगाचा रुग्ण असताना भेटीला आलेला कोणी "प्रार्थनेत कुठेतरी कमी पडत असाल" असे बोलून जातो. तरणाताठा मुलगा अपघातात गेल्यावर कोणी "देवाची इच्छा" म्हणतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. गावात शेजारचे म्हणतात, वाडवडिलांचा देव सोडला त्याचे हे फळ. पहिली दोन वाक्ये मंडळीच्या आतली आहेत आणि तिसरे बाहेरचे, पण तिन्हींत एक समज आहे: दुःखामागे नेहमी हिशोब असतो आणि तो हिशोब बघणाऱ्याला कळतो. टिकून राहण्याची सुरुवात ही समज बाजूला ठेवण्यापासून होते.

पवित्र शास्त्राने ती केव्हाच बाजूला ठेवली आहे. ईयोबाच्या पुस्तकाचा बहुतेक भाग या वादातच जातो. त्याचे मित्र त्याच्या दुःखामागचे पाप शोधत राहतात, तो ते नाकारत राहतो, आणि शेवटी देव मित्रांनाच दोषी ठरवतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, त्यांच्याविषयीही ती इतरांहून अधिक पापी होती असे मानू नका, असे तो लूकच्या तेराव्या अध्यायात बजावतो. म्हणून आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाच्या घरी "हे का झाले" याचा निवाडा कोणीही करू नये. पाळकानेही नाही, आणि रुग्णाने स्वतःविषयीही नाही. स्वतःच्या चुकीचे परिणाम भोगावे लागतात हे खरे. दारूने यकृत खराब होते, कर्जावर कर्ज काढले की घर बुडते. पण तिथे कारण डोळ्यांसमोर असते. त्यासाठी कोणाला दृष्टांत व्हावा लागत नाही.

दुसरी समज याहून चिवट आहे. खरा विश्वासी रडत नाही, कुरकुरत नाही, देवाला प्रश्न विचारत नाही, असे अनेक घरांत मुलांना शिकवले जाते. मग संकटात सापडलेला माणूस उपासनेत हसऱ्या चेहऱ्याने बसतो आणि घरी प्रार्थना करणेच सोडून देतो, कारण मनात जे आहे ते देवासमोर बोलायला बंदी आहे असे त्याला वाटते. विश्वास असा गुपचूप सुटत जातो, आणि सुटल्याचे बाकीच्यांना फार उशिरा कळते.

स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे अशा वेळीच कामी येतात. दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा वाटा तक्रारीचा आहे. तेराव्या स्तोत्रात "किती काळ" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. बाविसाव्याच्या पहिल्या शब्दांनीच येशूने वधस्तंभावर हाक मारली. बेचाळिसाव्यात माणूस स्वतःच्या खचलेल्या जिवाशी बोलतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते; शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. प्रार्थनेला शब्द सापडत नसतील तेव्हा ही चार स्तोत्रे, रोज एक, मोठ्याने वाचावीत. वाचताना शत्रू, खड्डा, पाणी असे शब्द आले की तिथे आपल्या दुखण्याचे, देण्याचे किंवा गेलेल्या माणसाचे नाव मनात घ्यावे. वाचून झाल्यावर आणखी काही बोललेच पाहिजे असे नाही. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांचे मन वाचनात लागत नाही, त्यांच्यासाठी घरातल्या दुसऱ्याने वाचावे. 'उपासना संगीत'मधली, लहानपणापासून पाठ असलेली भजने अशा वेळी उपदेशापेक्षा जास्त धीर देतात, हा अनेक मंडळ्यांचा अनुभव आहे. ज्याच्याच्याने गाववत नाही त्याने नुसते ऐकावे.

त्या भजनांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत, आणि टिळकांचे शेवटचे पर्व साताऱ्याचे आहे. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे, ही त्यामागची कल्पना. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. टिळकांच्या पदांत व्याकुळता दडवलेली नाही. त्यांनी अभंगाची घडण स्वीकारली आणि तिच्याबरोबर देवाशी भांडण्याची, त्याला आळवण्याची, त्याच्यावर रुसण्याची वारकरी मोकळीकही आली. मराठी ख्रिस्ती माणसाला विलाप परका वाटू नये, याचे थोडेफार श्रेय या वारशाला द्यायला हवे.

टिकून राहण्याविषयी शिकण्यासारखे मात्र टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे जास्त आहे. 1895 मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. पुढची काही वर्षे त्यांनी लहान मुलाला घेऊन पतीपासून वेगळी, नातेवाइकांच्या आधाराने काढली. लोकांचे टोमणे, सोवळे-ओवळे, पतीचा राग आणि पतीची ओढ, हे सारे एकाच वेळी चालू होते. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो कोणाच्या दबावाने नव्हे. मनातल्या भिंती एकेक करून पडल्यावर. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी मुलांचे मृत्यू, प्लेग, दारिद्र्य यांविषयी लिहिले आहे, आणि त्याच पानांवर स्वतःवर हसण्याचीही जागा ठेवली आहे. पतीनंतर त्या सतरा वर्षे जगल्या. शालेय शिक्षण जवळजवळ नसताना त्यांनी टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण केले. दोन गोष्टी यातून घेण्यासारख्या आहेत. घरातल्या सगळ्यांचा विश्वास एकाच वेगाने चालत नाही, म्हणून संकटात मागे पडलेल्या जोडीदाराला ओढू नये. आणि शोकाच्या घरात हसू आले तर त्याची लाज वाटू देऊ नये.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ 1880 मध्ये गेला, पती 1882 मध्ये. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा भार जिने पुढे उचलायचा ती एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 च्या जुलैमध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, पण मूळ भाषांतून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले. मोठ्या दुःखात हाती घेतलेले रोजचे काम माणसाला उभे ठेवते. काम एवढे मोठे असण्याचीही गरज नाही. रविवारशाळेचा एक वर्ग, मंडळीच्या हिशोबाची वही, शेजारच्या म्हातारीला औषध आणून देणे, यातले काहीही चालेल. मात्र शोकाच्या पहिल्या काही आठवड्यांत "सेवेत गुंतवून घ्या" असा आग्रह कोणावर करू नये.

आजारपणाबाबत या दोन जिल्ह्यांचा इतिहास बोलका आहे. डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आले. सांगलीत दवाखान्याने सुरुवात झाली आणि 1894 मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. पुढे वैद्यकीय शिक्षण आले, कुष्ठरुग्णांसाठी निवारा आला, आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले. तो परिसर आज वानलेसवाडी म्हणून ओळखला जातो. 1906 मध्ये त्यांची पहिली पत्नी मेरी वारली. त्यानंतरही वॉनलेस आणखी वीसेक वर्षे मिरजेत शस्त्रक्रिया करत राहिले. मिरज आज दवाखान्यांचे गाव म्हणून कर्नाटकापर्यंत ओळखले जाते, त्याच्या मुळाशी हे काम आहे. या रुग्णालयात प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या नाहीत. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होई, आणि मग शस्त्रक्रिया होई.

असे असूनही याच भागात औषध बंद करून केवळ प्रार्थनेवर राहण्याचा सल्ला देणारे भेटतात. साखरेच्या रुग्णाने इन्सुलिन थांबवणे, फेफऱ्याच्या गोळ्या सोडणे, क्षयरोगाचा कोर्स अर्ध्यावर टाकणे, यांचा विश्वासाशी काही संबंध नाही, जिवाशी आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्यावी असे सांगितले आहे. वैद्याला बोलावू नये असे कुठेही सांगितलेले नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही, आणि म्हणून पौलाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही. बरे होण्याच्या सभेला जावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण तिथे गोळ्या फेकायला सांगितल्या, बरे झाल्याची साक्ष तपासणीआधीच द्यायला लावली, किंवा पैशाची रक्कम ठरवली, तर तिथून उठून यावे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्र-दोरे करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहे.

खर्चाची बाजू प्रार्थनेइतक्याच गांभीर्याने पाहावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. दाखल होतानाच शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटावे. बिल झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे सोपे पडते. मंडळीत दोन-तीन तरुणांनी ही माहिती आणि जवळच्या रुग्णालयांची यादी तयार ठेवली, तर रुग्णाच्या घरच्यांचा एक मोठा घोर कमी होतो.

मनाचे आजार अजूनही सर्वांत जास्त लपवले जातात. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. देवाशी संवाद झाला तो त्यानंतर, कित्येक दिवसांनी. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, रडू थांबत नाही किंवा रडूच येत नाही, आणि असे दोन आठवडे चालले आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. 'टेलिमानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा कोणी केली तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शेतीच्या घरांत ही कीटकनाशकांची गोष्ट आवर्जून सांगावी लागते. अशा माणसाला "हे पाप आहे" असे बजावण्याने तो गप्प होतो, सुरक्षित होत नाही.

संकटे एकेकट्या घरावरच येतात असे नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांना दुष्काळ नवा नाही. 1967 च्या कोयना भूकंपाची आठवण पाटण तालुक्यात अजून आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा पाण्याने कोणाचाही धर्म विचारला नाही. सार्वत्रिक संकटात विश्वासी माणसाला "आपल्यालाच का" या प्रश्नापेक्षा "शेजारी काय करायचे" हा प्रश्न लवकर हाती लागतो, आणि तो पकडावा. चर्चचे सभागृह उघडणे, चिखल काढायला जाणे, भिजलेली कागदपत्रे वाळवून पंचनाम्याला मदत करणे. मदत देताना प्रार्थनेला बसण्याची अट घालू नये. मदतीच्या बदल्यात धर्म, असा संशय ख्रिस्ती माणसावर घेतला जातोच. त्याला खतपाणी घालणारे वर्तन स्वतःहून तर नक्कीच करू नये.

विश्वासामुळेच सोसावे लागणे हे वेगळे दुःख आहे. नात्यातले लग्नाला बोलावत नाहीत, गावात बोलणे टाकतात, दफनाच्या जागेवरून वाद होतो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्या प्रवर्गाच्या सवलती मिळत नाहीत, म्हणून कित्येक कुटुंबे कागदावर एक आणि रविवारी दुसरी अशी जगतात. या ओढाताणीवर मंडळीत उघड बोलले जात नाही. बोलले जायला हवे, आणि बोलताना कोणालाही भित्रा ठरवू नये. पेत्राच्या पहिल्या पत्रात छळ सोसणाऱ्यांना दिलेला सल्ला असा की सोसावे लागले तर ते ख्रिस्ती म्हणून असावे, दुष्कर्म केल्यामुळे किंवा लोकांच्या कामात ढवळाढवळ केल्यामुळे नसावे. शेजाऱ्यांच्या देवाधर्माची निंदा करून ओढवून घेतलेल्या भांडणाला छळ म्हणता येत नाही. पण खरा अन्याय झाला तर कायद्याची मदत घेणे हा अविश्वास नव्हे. पौलाने स्वतः आपल्या रोमी नागरिकत्वाचा आधार घेतला. जातपंचायतीने किंवा समाजाने कोणाला वाळीत टाकणे महाराष्ट्रात 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार देण्याआधी तारखा, साक्षीदार आणि झालेले बोलणे लिहून ठेवावे. समाजमाध्यमावर संतापाचा व्हिडिओ टाकण्याची घाई करू नये. त्याने बहुधा प्रकरण चिघळते आणि पुरावा मात्र तयार होत नाही.

आता भेटीला जाणाऱ्यांविषयी. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत त्यांचे काहीच चुकले नव्हते. सांत्वनाची भेट लहान असावी. सातआठ जणांनी एकदम जाऊन तासभर गाणी, वचने आणि तीन प्रार्थना केल्या, तर घरच्या बाईला तेवढ्या कपांचा चहा करावा लागतो. दोघांनी जावे, डबा घेऊन जावे, एक छोटे स्तोत्र वाचावे, प्रार्थना करावी का हे विचारावे, आणि उठावे. "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात" हे रोमकरांस पत्रातले वचन मयताच्या घरी पहिल्या दिवशी ऐकवू नये. वचन खरे आहे, वेळ खोटी आहे. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात रडणाऱ्यांबरोबर रडावे असेही आहे, आणि ते जास्त सोपे आहे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला कचरू नये. घरच्यांना त्याच्याविषयी बोलायचे असते, आणि पंधरा दिवसांनी ऐकायला कोणी उरत नाही. म्हणून दफनाच्या दिवशीची गर्दी जमेस धरू नये. तिसऱ्या महिन्यात, पहिल्या नाताळला, पहिल्या पुण्यस्मरणाला कोण जाणार हे मंडळीने आधीच ठरवावे. पाटण, जावळी, माणमधली कर्ती माणसे कामासाठी मुंबईत असतात आणि गावाकडे म्हातारे एकटे असतात. अशा घरांची वही पाळकाजवळ असावी.

उपासनेला जाणे जड वाटू लागले तर पूर्ण सोडण्याआधी मागच्या बाकावर बसून पाहावे, प्रभुभोजनापुरते जावे, किंवा घरप्रार्थनेला एकाच ओळखीच्या घरी जावे. काही महिने प्रार्थना करवतच नसेल तर तेही पाळकाला किंवा एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे आणि आपल्या वतीने त्याला करू द्यावी. पक्षाघाताच्या रोग्याला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे उतरवले, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला असे मार्क लिहितो. त्या रोग्याने आधी काही म्हटल्याचा उल्लेख नाही. शंका आल्या तर त्या डायरीत लिहाव्यात, तारखेसह. सहा महिन्यांनी वाचताना काही तशाच राहिलेल्या दिसतात, काही विरलेल्या असतात, आणि काहींचे रूप बदललेले असते.

मुलांना खोटे सांगू नये. "आजोबा झोपलेत" असे सांगितल्यावर मूल झोपायला घाबरते. "देवाला आवडले म्हणून नेले" असे सांगितल्यावर ते देवाला घाबरते. आजोबा वारले, आपण त्यांना पुन्हा भेटू असा आपला विश्वास आहे, आणि आज आपल्याला खूप वाईट वाटते आहे, एवढे सहा वर्षांच्या मुलाला समजते. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

शेवटी पाळकांचे. एका आठवड्यात दोन दफने, एक रुग्णालय आणि रविवारचा उपदेश करणाऱ्या माणसाला स्वतःच्या दुःखासाठी जागा राहत नाही. मंडळीच्या वडिलांनी वर्षातून काही रविवार दुसऱ्या उपदेशकाची सोय करावी, आणि पाळकाच्या घरी आजारपण आले तर भेटीचा जो नियम इतरांना तोच त्या घरालाही लावावा: दोघे जण, डबा, एक स्तोत्र.